रद्दबातल खेळांची कैफियत

२१ जानेवारी २०२६ रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या कारभाराच्या फेररचनेचे जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात नव्या व्यवस्थेची, खर्चकपातीची आणि लांबणीवर टाकलेल्या कामांची भली मोठी जंत्री होती. आणि त्या जंत्रीतच सहा खेळ कायमचे रद्द केल्याचा हुकूमही नमूद होता. त्या सहांत जगाला नावानिशी ठाऊक असलेला खेळ म्हणजे २००३ सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या विख्यात खेळाचा नवा अवतार. हा अवतार मुळात विक्रीस यावयाचा होता तो २१ जानेवारी २०२१ या दिवशी; म्हणजे ज्याच्या जन्माचा मुहूर्त एकदा धरला गेला होता, त्याच्या मृत्यूची नोंद त्याच तारखेस, बरोबर पाच वर्षांनी व्हावी, असा हा विलक्षण योग. परंतु मराठी वाचकाने या वार्तेकडे कुतूहलाने पाहावे याला याहून सबळ कारण आहे. जो खेळ पुढे कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात नेण्यात आला आणि तेथे निवर्तला, तो प्रथम घडत होता आपल्या पुण्यात आणि मुंबईत.

व्हिडिओ खेळांच्या व्यवसायात काम अर्ध्यावर मोडणे ही नित्याची गोष्ट आहे. ज्यांच्या चित्रफिती दाखवून झाल्या आहेत, ज्यांची आगाऊ नोंदणी होऊन गिऱ्हाइकांचे पैसेही जमा झाले आहेत, असे खेळ एका सकाळच्या बैठकीत बरखास्त होतात. आणि ज्यांची घोषणाच कधी झाली नाही, त्यांची तर गणती करणे अशक्य. मात्र रद्द झालेला खेळ सहसा नष्ट होत नाही. त्याची आज्ञावली, त्याची चित्रे, त्याचे संगीत, नटांनी ध्वनिमुद्रणगृहात उभे राहून दिलेले आवाज, हे सारे कंपनीच्या यंत्रांत कोठेतरी पडलेले असते, आणि कित्येकदा पडद्यावर चालवून पाहण्याइतपत सिद्धही झालेले असते. उणीव असते ती परवानगीची. असे खेळ अधिकृतपणे लोकांसमोर यावेत असा धोशा जगभरच्या चाहत्यांनी गेली कित्येक वर्षे लावला आहे. आणि या मागणीत बालहट्टाचा अंश असला, तरी तिच्या मुळाशी एक न्याय्य दावा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुण्या-मुंबईच्या खेळाची हकिकत नीट समजावी म्हणून थोडे मागे जाणे प्राप्त आहे. मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ साली अ‍ॅपल टू या संगणकासाठी प्रसिद्ध झाला आणि तो जवळजवळ सर्वस्वी जॉर्डन मेकनर या एका अमेरिकन तरुणाच्या हातचा होता. खेळातील राजपुत्र माणसासारखा धावावा, उडी चुकली की खरोखर धडपडावा, या ध्यासाने मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावावयास व उड्या मारावयास लावले, त्याचे चित्रीकरण केले, आणि त्यातील एकेक चित्र गिरवून संगणकात उतरवले. तलवारीच्या हातांसाठी त्याने १९३८ सालच्या रॉबिन हूडवरील चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. पुढे असे झाले, की राजपुत्राच्या हालचालींनीच यंत्राची स्मृती व्यापून टाकली आणि शत्रूचे चित्र ठेवावयास जागाच उरली नाही. तेव्हा राजपुत्राचीच आकृती गणिती युक्तीने उलटीपालटी करून मेकनरने एक छायापुरुष निर्माण केला, जो आरशातून बाहेर पडतो आणि राजपुत्राच्याच वाटेवर आडवा येतो. ज्याला मारू गेले असता आपणच मरतो आणि ज्याच्यासमोर तलवार म्यान केली असता तो आपल्यात विलीन होतो. आपल्याकडील कोणत्याही वेदान्त्याने मान डोलवावी अशी ही कल्पना जागेच्या टंचाईतून जन्मली, ही गोष्ट कलेच्या इतिहासकारांनी टिपून ठेवण्याजोगी आहे.

२००३ साली युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल शाखेने मेकनरला सोबत घेऊन याच राजपुत्राला नवे आयुष्य दिले. या ‘सँड्स ऑफ टाइम’चा आरंभच हिंदुस्थानात होतो. इराणी फौज एका महाराजाच्या राजवाड्यावर चाल करून येते. वजिराच्या फितुरीने वाडा पडतो. राजपुत्राच्या हाती काळ मागे फिरवणारा खंजीर लागतो आणि महाराजाची कन्या फराह बंदी होते. पुढची सारी कथा अझद नावाच्या नगरीत, वाळूने राक्षस झालेल्या माणसांच्या गर्दीत घडते. उडी चुकली की खंजिराची कळ दाबावी आणि गेलेला क्षण परत घ्यावा, ही त्या खेळाची अपूर्व मौज होती. आणि कथेचा शेवटही या सोयीशी इतका बेमालूम जुळवलेला होता, की वीस वर्षांनंतरही जाणकार तो खेळ आदराने आठवतात.

अशा खेळाचे पुनर्निर्माण युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई या दोन शाखांकडे सोपवले गेले. पुण्याची शाखा कंपनीच्या पदरी २००८ पासूनची, मुंबईची २०१८ सालची. परदेशी कंपन्यांच्या भारतीय शाखांचे काम पुष्कळदा दुय्यम असते: दुसऱ्याने बांधलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर नेणे, चुका शोधणे, कपडेपट व झाडेझुडपे रंगवणे. नाचाच्या ‘जस्ट डान्स’ या मालिकेवर पुण्यात काम झाले तेही मोठ्या यंत्रणेचा एक भाग म्हणून. तेव्हा इतक्या नामांकित खेळाची मुखत्यारी आपल्याकडे यावी, आणि तीही ज्याचा पहिला प्रवेश हिंदुस्थानी राजवाड्यात घडतो अशा खेळाची, हा प्रसंग लहान नव्हता.

१० सप्टेंबर २०२० रोजी ट्रेलर प्रसिद्ध झाला. २००३ साली राजपुत्राला आवाज देणारे युरी लोवेनथाल याही वेळी तीच भूमिका करणार होते, किंमत नेहमीच्या मोठ्या खेळाहून कमी, चाळीस डॉलरांच्या घरात ठेवली होती, आणि तारीखही जाहीर झाली होती. परंतु ट्रेलर पाहून चाहत्यांनी जी राळ उडवली तिच्यामुळे हा सारा बेत विसकटला. चेहरे निर्जीव आहेत, प्रकाश सपाट आहे, हा खेळ दहा वर्षांपूर्वीचा वाटतो, अशी टीका झाली. ती टीका सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणवत नाही. चेहऱ्यांच्या बाबतीत तरी ती खरी होती. तथापि दोन-तीन मिनिटांच्या ट्रेलरवरून सबंध खेळाची पारख करणे म्हणजे मंगलाष्टकांवरून संसाराचे भविष्य वर्तवण्यासारखे होय. चाल कशी आहे, उडीचे वजन हाताला जाणवते की नाही, काळ मागे फिरतो तेव्हा मन थरारते की नाही, हे पाहिल्याने कळत नाही, खेळल्याने कळते. आणि खेळण्याची संधी तर कोणालाच मिळाली नाही.

डिसेंबरात तारीख १८ मार्च २०२१ पर्यंत पुढे ढकलली गेली. फेब्रुवारीत तीही तहकूब झाली, आणि पुढची तारीख देण्याचे कंपनीने टाळले. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलकडे दिल्याचे जाहीर झाले. ज्यांनी आगाऊ नोंदणी केली होती त्यांचे पैसे परत झाले. जून २०२४ मध्ये एक मेणबत्ती आणि २०२६ हे साल एवढेच दाखवणारी एक छोटी चित्रफीत येऊन गेली. त्यानंतरचा हुकूम वर सांगितलाच आहे. अपेक्षित दर्जा गाठण्यासाठी लागणारा आणखी वेळ व पैसा खर्चणे जबाबदारीचे ठरले नसते, अशा आशयाचे कारण कंपनीने दिले.

या हकिकतीचा हिशेब नीट मांडला तर वास्तविक दोन खेळ रद्द झाले आहेत. एक मॉन्ट्रियलमध्ये नव्याने आरंभलेला. आणि दुसरा त्याच्या आधीचा, पुण्या-मुंबईचा, जो विक्रीस चार महिने उरले असताना जगाला दाखवण्यात आला होता, म्हणजे ज्याचा बराच मोठा भाग तोवर उभा झालेला असलाच पाहिजे. चाहत्यांचे अश्रू बहुतांशी पहिल्यासाठी आहेत. प्रस्तुत लेखकाचा ओढा दुसऱ्याकडे आहे, आणि त्यात प्रांताभिमानाचा भाग किती व न्यायबुद्धीचा किती हे ज्याचे त्याने ठरवावे.

खेळ रद्द करण्याचा निर्णय ज्या रीतीने होतो ती रीत बाहेरच्या माणसास चमत्कारिक वाटते. मोठा खेळ घडवावयास तीन-चार वर्षे आणि शेकडो माणसे लागतात. खर्च करणारा प्रकाशक असतो, आणि तो टप्प्याटप्प्याने कामाची पाहणी करून पुढची रक्कम मोकळी करतो. खर्च झालेला पैसा काम चालू असेतोवर कंपनीच्या जमाखर्चात पुष्कळदा मालमत्तेच्या बाजूस उभा असतो. काम थांबवले की तोच पैसा तोट्याच्या बाजूस जातो. यामुळे एखादे वर्ष वाईट गेलेच आहे तर त्याच वर्षी दुबळ्या कामांची विल्हेवाट लावून टाकावी आणि पुढची वही कोरी करावी, असा मोह कारभाऱ्यांना होतो. चित्रपटांच्या धंद्यात याचे ठळक उदाहरण २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये घडले: वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने ‘बॅटगर्ल’ हा सुमारे नऊ कोटी डॉलर खर्चून चित्रित केलेला चित्रपट प्रदर्शित न करण्याचे ठरवले, आणि त्यामागे कराच्या हिशेबात तोटा दाखवण्याचा विचार असल्याचे सर्वत्र प्रसिद्ध झाले. कलाकृती दाखवण्यापेक्षा न दाखवणे अधिक किफायतशीर ठरावे, अशी ही हिशेबाची करामत.

कधी दर्जा आडवा येतो, कधी धनी बदलतो. ‘स्टार वॉर्स १३१३’ हा खेळ २०१२ सालच्या प्रदर्शनात वाहवा मिळवून गेला. त्याच वर्षी डिस्नेने ल्यूकसफिल्म विकत घेतली. एप्रिल २०१३ मध्ये खेळ घडवणारा विभागच बंद झाला. कधी मालकी हक्कांचे त्रांगडे होते. १९९७ सालच्या ‘गोल्डनआय’ या जेम्स बाँडच्या खेळाची सुधारलेली आवृत्ती रेअर या इंग्लंडातील कंपनीने २००७ च्या सुमारास जवळजवळ पुरी केली होती. पण रेअर तोवर मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली होती, मूळ खेळाशी निन्टेन्डो या कंपनीचा संबंध होता, आणि बाँडचे धनी निराळेच. या साऱ्यांच्या सह्या एका कागदावर कधी जमल्या नाहीत. २०२१ च्या आरंभी ती आवृत्ती फुटून बाहेर आली. पुढे २०२३ च्या जानेवारीत करार जमला तेव्हा कंपन्यांनी अधिकृतपणे काढला तो १९९७ चा मूळ खेळ. सुधारलेली आवृत्ती तशीच पडून राहिली.

आणि कधी चाहत्यांना आशेला लावून माघार घेतली जाते, जो प्रकार सर्वांत निष्ठुर. जपानच्या कॅपकॉमने २०१० साली ‘मेगा मॅन लेजंड्स ३’ची घोषणा करताना चाहत्यांनाच कामात सहभागी करून घेतले: नव्या नायिकेचे रूप कोणते असावे यावर मते मागवली, त्यांच्या सूचना वाचल्या. आधीच्या, २००० सालच्या भागाच्या अखेरीस नायक पृथ्वीपासून दूर अंतराळात अडकून पडला होता. दहा वर्षे वाट पाहिलेल्या लोकांना आता त्याची सुटका स्वतःच्या हातांनी घडवावयाची होती. जुलै २०११ मध्ये कॅपकॉमने खेळ रद्द केला. चाचणीसाठी जो छोटा भाग लोकांना मिळावयाचा होता तोही दिला नाही. नायक अद्याप वरच आहे. त्याला खाली आणण्यासाठी हजारो लोकांनी जी चळवळ केली तिला हसणारे हसोत. ज्या कामात आपले मत घेतले गेले त्यावर आपला काही हक्क पोहोचतो असे माणसाला वाटणारच.

परंतु या सगळ्या वैफल्याच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे, की ज्याचा निकाल चाहत्यांच्या बाजूने लागला, आणि म्हणून ते विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे.

१९९३ साली निन्टेन्डोच्या सुपर निन्टेन्डो या यंत्रासाठी ‘स्टार फॉक्स’ नावाचा अंतराळयुद्धाचा खेळ आला. आपल्याकडे त्या काळी मुलांच्या हाती होती ती त्याच्या आधीच्या यंत्राची स्वस्त नक्कल, आणि तिच्यासोबत येणारी ‘९९९९ खेळ’ असे बेधडक छापलेली पिवळी कार्ट्रिज, ज्यात मोजून मूठभर खेळ पुनःपुन्हा नावे बदलून येत. सुपर निन्टेन्डो मराठी घरांत क्वचितच पोहोचला. ‘स्टार फॉक्स’ची करामत अशी, की त्या यंत्रास त्रिमिती आकृती काढणे झेपत नसल्यामुळे कार्ट्रिजच्या पोटातच सुपर एफएक्स नावाची जादा चिप बसवली होती. ती लंडनच्या अर्गोनॉट या छोट्या कंपनीची निर्मिती. आणि तेथला डिलन कथबर्ट हा नुकताच मिसरूड फुटलेला तरुण क्योतोला जाऊन निन्टेन्डोच्या मंडळींबरोबर काम करीत होता. खेळ गाजला, आणि दुसऱ्या भागाचे काम लगोलग सुरू झाले.

हा दुसरा भाग पहिल्याची पुनरावृत्ती नव्हता. पहिल्यात एकामागून एक टप्पे ठरलेले होते. दुसऱ्यात समोर ग्रहमंडळाचा नकाशा, त्यावर शत्रूची जहाजे व क्षेपणास्त्रे आपल्या मुख्य ग्रहाकडे सरकत आहेत, आणि आपण एका ठिकाणी लढत असताना दुसरीकडे काळ थांबत नाही, अशी योजना होती. कोठे धाव घ्यावी, कोणाला सोडावे, याचा विचार सेनापतीसारखा करावा लागे. विमान जमिनीवर उतरले की पाय फुटून चालू लागे. मियू आणि फे या दोन नव्या वैमानिक होत्या. १९९५ च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात हा खेळ लोकांनी पाहिला.

परंतु १९९४ च्या अखेरीस जपानात सेगाचा सॅटर्न आणि सोनीचा प्लेस्टेशन हे दोन नवे प्रतिस्पर्धी अवतरले होते, आणि त्रिमिती चित्रे काढण्यात त्यांची बरोबरी सुपर निन्टेन्डोला चिप बसवूनही करता येणे शक्य नव्हते. निन्टेन्डोचे स्वतःचे नवे यंत्र वाटेवर होते. जुन्या यंत्रावरचा त्रिमिती खेळ नव्यांच्या शेजारी केविलवाणा दिसेल, आणि त्रिमितीचा खरा आरंभ नव्या यंत्रापासूनच व्हावा, या विचाराने निन्टेन्डोचे खेळकर्ते शिगेरू मियामोतो यांच्या मंडळींनी सिद्ध झालेला ‘स्टार फॉक्स २’ बासनात बांधून ठेवला. त्यातील कल्पना मात्र वाया गेल्या नाहीत: १९९७ च्या ‘स्टार फॉक्स ६४’मध्ये चारी दिशांना मोकळेपणाने फिरून लढण्याची सोय आली, आणि २००६ च्या ‘स्टार फॉक्स कमांड’मध्ये नकाशावरची व्यूहरचना आली, हा पुढचा खेळ कथबर्टने क्योतोत स्थापन केलेल्या क्यू-गेम्सनेच घडवला. व्यवहाराच्या दृष्टीने मियामोतोंचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. तरीही पुरी झालेली वस्तू बावीस वर्षे कुलपात राहिली ही गोष्ट उरतेच.

त्या बावीस वर्षांत खेळाच्या अपुऱ्या प्रती फुटल्या, आणि परक्या हौशी लोकांनी त्या दुरुस्त करून, जपानी मजकुराचे भाषांतर करून खेळावयास सुरुवात केली. कथबर्ट सांगत असे की फिरणारी प्रत अखेरची नव्हे. पुढे जून २०१७ मध्ये निन्टेन्डोने आपल्या जुन्या यंत्राची छोटी आवृत्ती जाहीर केली. तीत एकवीस खेळ होते आणि एकविसावा होता ‘स्टार फॉक्स २’. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तो अमेरिकेत अधिकृतपणे लोकांच्या हाती पडला. मूळ ‘स्टार फॉक्स’चा पहिला टप्पा खेळल्यावरच त्याचे दार उघडे, हा निन्टेन्डोचा मिस्कीलपणा. खेळ कसा निघाला? चित्रे अडखळतात, डाव तासाभरात आटोपतो, सुरुवातीस गोंधळायला होते. परंतु त्याची मूळ कल्पना इतकी धीट आहे, की त्या यंत्रावरच्या कित्येक यशस्वी खेळांपेक्षा तो अधिक विचार करावयास लावतो. निन्टेन्डोच्या प्रतिष्ठेला तसूभरही धक्का लागला नाही. उलट, ज्यांच्या श्रमांची नोंद केवळ चोरीच्या प्रतींत उरली होती त्यांची नावे अखेर अधिकृत श्रेयनामावलीत झळकली.

फुटलेली प्रत आणि प्रकाशित प्रत यांतला फरक हाच आहे, आणि चाहतेसुद्धा तो पुष्कळदा विसरतात. ब्लिझर्ड या कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट अ‍ॅडव्हेंचर्स’ हा व्यंगचित्रांच्या शैलीतला कथाखेळ मे १९९८ मध्ये, वर्षातले मोठे प्रदर्शन काही दिवसांवर आले असताना रद्द झाला. त्याची हलती चित्रे सेंट पीटर्सबर्गच्या चित्रकारांनी काढली होती. त्याच वेळी ल्यूकसफिल्मच्या ल्यूकसआर्ट्स या खेळविभागाचे कथाखेळ इतके पुढे गेले होते, की आपला मागासलेला दिसेल अशी धास्ती ब्लिझर्डने घेतली. थ्रॉल या त्याच्या नायकाची कथा पुढे २००१ साली क्रिस्टी गोल्डन यांच्या कादंबरीत आली, आणि थ्रॉल स्वतः नंतरच्या खेळांत मोठा नेता झाला. म्हणजे पात्र जगले, कथा जगली. गेला तो खेळ. २०१६ च्या सप्टेंबरात त्याची बहुतांशी पूर्ण प्रत फुटली तेव्हा लोकांनी ती आनंदाने खेळली. पण ती घडवणाऱ्यांचे दोन शब्द तिच्यासोबत आले नाहीत, कोणता भाग कच्चा आणि कोणता पक्का हे कोणी सांगितले नाही, आणि ज्यांनी चित्रे काढली त्यांच्या पदरी काही पडले नाही. उलटपक्षी, अटारीचा १९८२ सालचा ‘अक्का आर्र’ हा कधीच विक्रीस न गेलेला खेळ २०२२ च्या ‘अटारी ५०’ या संग्रहात आला तो जुनी कागदपत्रे आणि जुन्या मंडळींच्या मुलाखती यांच्या सहवासात. त्यामुळे तो नुसता खेळ न राहता इतिहासाचे साधन झाला.

कोनामीच्या ‘पी.टी.’ची गोष्ट याहून विचित्र, कारण तो खेळ एकदा प्रकाशित होऊन परत घेतला गेला. खेळकर्ते हिदेओ कोजिमा आणि चित्रपट-दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या ‘सायलेंट हिल्स’ या भयकथेची ही नांदी १२ ऑगस्ट २०१४ रोजी प्लेस्टेशन ४ वर विनामूल्य आली. एकच वळणाचा बोळ, पुनःपुन्हा तोच, आणि प्रत्येक वेळी काहीतरी बिघडलेले, एवढ्यावर तिने जगाची झोप उडवली. एप्रिल २०१५ मध्ये मुख्य खेळ रद्द झाला. त्या महिन्याच्या अखेरीस नांदीही विक्रीखिडकीवरून काढली गेली. आणि ज्यांनी ती आधी घेतली होती त्यांनाही एकदा पुसल्यावर ती परत उतरवून घेण्याची सोय राहिली नाही. ज्या यंत्रांत ती शिल्लक होती ती यंत्रे चढ्या भावाने विकली गेली.

कंपन्यांची बाजू ऐकून घेणे न्यायाचे आहे. अपुरा खेळ दाखवला तर लोक त्याला पुरा समजून झोडपतील, ही भीती पोकळ नाही. २०२० साली पुण्या-मुंबईच्या वाट्याला जे आले ते पाहता ती फारच रास्त आहे. शिवाय आधुनिक खेळात दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेली तंत्रे असतात, गाण्यांचे व आवाजांचे करार असतात, आणि ते करार ‘प्रकाशित खेळा’पुरते लिहिलेले असतात, ते नव्याने करावयाचे म्हणजे वकिलांचे शुल्क आले. आणि एक आक्षेप याहून सूक्ष्म: जे निर्मात्याला स्वतःलाच दाखवावेसे वाटत नाही, ते दाखवण्याचा हट्ट आपण कोणत्या अधिकाराने धरावा? कवीने फाडलेल्या कवितेचे तुकडे जुळवणारा समीक्षक कवीचा मित्र असतोच असे नाही. या आक्षेपास माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. इतकेच म्हणता येते, की येथे फाडणारा बहुधा कवी नसतो, मुनीम असतो. आणि मोठ्या खेळांतले पुष्कळ कारागीर आपण काय केले हे घरच्या माणसांनाही दाखवू शकत नाहीत, कारण गुप्ततेचा करार खेळ मेल्यावरही जिवंत राहतो.

पुण्यातच या प्रश्नाचे एक जुने रूप पाहावयास मिळते. पेशवे दफ्तरातील लक्षावधी कागद इंग्रजी अमलात कुलपाआड होते. त्यांत काय आहे हे पाहण्यासाठी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांची तळमळ चालली होती आणि सरकार दार उघडावयास नाखूष होते. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हाती ते काम आले आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले. त्या कागदांत अपुरे हिशेब आहेत, अर्धवट पत्रे आहेत, रद्द झालेल्या मोहिमांची टिपणे आहेत, आणि इतिहासकारास तीच पुष्कळदा अधिक बोलकी वाटतात. फरक असा, की कागद शंभर वर्षे गप्प पडून राहू शकतो. संगणकाच्या चकत्यांना ते साधत नाही. त्यांवरचे चुंबकीय अक्षर वीस-तीस वर्षांत विरू लागते, आणि अक्षर टिकले तरी ते वाचणारे यंत्र उरत नाही.

विक्रीस आलेल्या खेळांचीच स्थिती काय आहे? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. मग जे बाजारात आलेच नाहीत त्यांचा वाली कोण? स्वतः मेकनरचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. २००२ च्या सुमारास ‘सँड्स ऑफ टाइम’चे काम चालू असता १९८९ च्या खेळाची मूळ आज्ञावली शोधण्याची खटपट झाली, आणि ती हरवली असे ठरले. दहा वर्षांनी, २०१२ साली, त्याच्या वडिलांना घरातील कपाटात एक खोके सापडले. त्यात जुन्या चकत्या होत्या. जुनी यंत्रे आणि जुन्या विद्येचे जाणकार गोळा करून त्या चकत्या वाचण्यात आल्या, आणि सारी आज्ञावली कोणालाही पाहता येईल अशी जाहीर करण्यात आली. आज एखाद्या विद्यार्थ्याला छायापुरुष कसा निर्माण झाला हे मुळातून वाचावयाचे असेल तर ते शक्य आहे. ज्या एका माणसाच्या घरी कपाट होते त्याचे काम वाचले. शेकडो माणसांच्या कामाला कपाट असते ते कंपनीचे, आणि कंपनी शाखा बंद करते तेव्हा कपाटेही आवरते.

म्हणून मागणी माफक ठेवावी असे मला वाटते. पुण्या-मुंबईच्या खेळाला चाळीस डॉलर किंमत लावून दुकानात मांडा, असे कोणी म्हणत नाही. राजवाड्याचा पहिला प्रवेश, खंजीर हाती येतो तेथपर्यंतचा, जेथे काम थांबले त्या अवस्थेत, करणाऱ्यांच्या नावांसह आणि त्यांना बोलू देऊन प्रसिद्ध करावा. चेहरे निर्जीव असतील तर असोत. युबिसॉफ्टला याचा पायंडा शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये, प्लेस्टेशन २ वरील आवृत्तीत, विशिष्ट ठिकाणची भिंत फोडली की १९८९ चा मूळ खेळ सबंध खेळावयास मिळे. राजपुत्राचा पुढचा कोणताही खेळ कंपनीने काढला तर त्यात अशी आणखी एक भिंत उभारावयास फारसा खर्च येऊ नये.